डाळीचा रंग आणि दूरध्वनीचा पडदा

आपल्या व्यापारी संघाच्या स्मरणिकेत गेली अनेक वर्षे प्रस्तुत लेखक दाणेबाजाराविषयी चार शब्द लिहीत आला आहे. पिकाचे मान, वखारीतील किडीचा बंदोबस्त, अडत आणि तोलाई यांचे बदलते नियम, हे माझे ठरलेले विषय. या खेपेस संपादक-मंडळाने ‘अण्णा, काहीतरी नवे द्या’ असा आग्रह धरला. तेव्हा २०२५ च्या फाल्गुनात आमच्या पेढीवर घडलेली एक हकीगत आठवली. आमच्या चिरंजीवांनी एक नवा कोरा स्मार्टफोन आणून गादीवर माझ्या पुढ्यात ठेवला होता. पेढीसाठी असा एक घ्यावा, असा त्यांचा विचार होता. आमच्या व्याह्यांचे मोबाइलचे दुकान आहे. त्यांच्याकडील गिऱ्हाइकास दाखवण्याचा नग आठ दिवसांच्या बोलीवर आणला होता. ‘बाबा, तुम्ही हो म्हटल्याशिवाय घ्यायचा नाही,’ असे चिरंजीव म्हणाले. सव्वा लाखावर किमतीच्या यंत्राची परीक्षा मुलगा बापावर सोपवतो, तेव्हा त्यामागे काही कारण असते. ते पुढे येईलच.

मॅट्रिकच्या पुढे शाळेची पायरी न चढलेल्या आणि दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने अशा यंत्राविषयी मत द्यावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. यंत्राच्या पोटातील वेग, स्मरणशक्ती, कृत्रिम बुद्धी यांविषयी मी एक अक्षरही लिहिणार नाही. ते काम तज्ज्ञांचे. परंतु वस्तूची घडण आणि तिचे तोंड, म्हणजे हातात धरावयाचा आकार आणि डोळ्यांनी पाहावयाचा पडदा, एवढ्यापुरती पारख करण्यास हात आणि डोळे पुरतात. बेळगावच्या रविवार पेठेत माझी पंचेचाळीस वर्षे मूठभर दाणे तळहातावर घेऊन मालाची किंमत ठरविण्यात गेली आहेत.

नग होता ‘सॅमसंग गॅलॅक्सी एस-२५ अल्ट्रा’. ही कोरियातील कंपनी आपला सर्वांत वरच्या दर्जाचा फोन बहुधा वर्षाच्या आरंभी काढते. त्यांपैकी हा २२ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत सॅन होजे येथे जाहीर झाला. आपल्या देशात त्याची आरंभीची किंमत १,२९,९९९ रुपये ठेवली होती. एक रुपया कमी ठेवण्याची ही युक्ती आमच्या किराणा-बंधूंस ठाऊक आहेच.

प्रथम वजन. कंपनीच्या कागदावर २१८ ग्रॅम लिहिले आहे. मी तो दुकानातील लहान काट्यावर ठेवून पाहिला. आकडा खरा निघाला. आमच्या वडिलांच्या काळी ८० तोळ्यांचा शेर चाले, आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅम. म्हणजे पावशेर २३३ ग्रॅमचा. गंमत अशी की, याच मालिकेतील २०२४ चा फोन २३२ ग्रॅमचा होता, जवळजवळ बरोबर पावशेर! नव्यात १४ ग्रॅम, म्हणजे सुमारे सव्वा तोळा, वजन उतरविले आहे. सव्वा तोळ्याने काय होते, असे कोणी विचारील. दिवसभर कानाशी धरून भाव विचारणाऱ्यास तो फरक संध्याकाळी मनगटात कळतो. जाडीही ८.६ वरून ८.२ मिलिमीटरवर आली आहे.

चौकट टायटॅनियमची आहे. हा धातू पोलादाहून पुष्कळ हलका, ॲल्युमिनियमहून जड आणि गंजास न जुमानणारा. इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यातल्या विल्यम ग्रेगर या पाद्र्यास १७९१ साली काळ्या रेतीत तो प्रथम आढळला. तशाच काळ्या रेतीचे, इल्मेनाइट नावाच्या खनिजाचे, साठे आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहेत. फोनमधील धातू तिथला नव्हे. पण कोकणातील समुद्रकाठी पाय काळे करणारी रेती या कुळातली, हे वाचून मला मौज वाटली. चौकटीची घडण साफ आहे. कडेवर नख फिरविले असता धातू आणि काच यांचा सांधा लागत नाही. आदल्या वर्षीच्या नगाचे कोपरे टोकदार होते. या खेपेस ते गोल केले आहेत, त्यामुळे तळहातास रुतत नाहीत. दोन वर्षांपूर्वीच्या, म्हणजे २०२३ च्या, अल्ट्राचा पडदा कडेला वाकविलेला असे. दिसावयास तो डौलदार, परंतु काठाशी अक्षर आले की ते उतरंडीवरून घसरल्यासारखे वाटे आणि रंगही बदललेला दिसे. २०२४ पासून पडदा सपाट झाला आहे आणि हे कंपनीने फार शहाणपणाचे केले. ज्या ताटलीत दाणे पाहावयाचे ती ताटली सपाटच हवी.

आकाराविषयी मात्र माझी तक्रार आहे. लांबी १६२.८ आणि रुंदी ७७.६ मिलिमीटर. सदऱ्याच्या खिशातून तो चार बोटे वर डोकावतो. पोत्यात परखी खुपसण्यासाठी माणूस वाकला की फोन थेट दाण्यांत जाऊन पडतो. एकदा माझा पडलाच. एका हाताने धरून त्याच हाताचा अंगठा वरच्या टोकापर्यंत नेणे माझ्याच्याने झाले नाही. पाठीमागे कॅमेऱ्यांची भिंगे कड्यांसकट उंच आली आहेत, त्यामुळे मेजावर ठेवून लिहू लागले की फोन तीन पायांच्या चौरंगासारखा डुगडुगतो. लेखणी बरोबर देणाऱ्यांनी निदान लिहिताना वस्तू स्थिर राहील एवढी काळजी घ्यावयास हवी होती. अर्थात जाड आवरण घातले की डुगडुग थांबते. पण मग वाचविलेला सव्वा तोळा परत येतो.

ती लेखणी मात्र मला आवडली. खालच्या कोपऱ्यात म्यानात खंजीर असावा तशी ती बसते. पूर्वीच्या लेखणीने दूर उभे राहून छायाचित्र काढता येई. ती बिनतारी सोय २०२५ च्या लेखणीतून काढून टाकली, म्हणून पुष्कळ जण नाराज झाले. मला तिचा कधी उपयोग झाला नसता. मला सुखविले ते निराळ्याच गोष्टीने. फोन झोपलेला असताना लेखणी उपसली की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत थेट लिहिता येते. साठ वर्षांपूर्वीची पाटी आणि पेन्सिल! नातीला मी हे दाखविले तेव्हा तिला त्यात विशेष काही वाटले नाही. तिने पाटी पाहिलेलीच नाही.

आता ते कारण सांगतो. त्यावाचून पडद्याविषयी मी जे लिहिणार आहे त्याला अर्थ नाही.

गोष्ट २०२३ च्या माघातली, नवी तूर गिरण्यांत उतरून डाळ बाजारात येऊ लागली होती त्या वेळची. आमच्या पेढीवर तूरडाळ मुख्यत्वे कलबुर्गीकडून येते. तिकडच्या तुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे बंधूंस ठाऊक आहे. तो व्यवहार एका दलालामार्फत होई. त्यांचे नाव येथे घालीत नाही. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. अप्पांचा आणि आमचा संबंध अडतीस वर्षांचा. पूर्वी नमुन्याची पुडी बसच्या कंडक्टरबरोबर येई. सकाळी ती उजेडात उघडून, दाणा दाताखाली धरून, मग भाव बोलायचा. अलीकडे पुडीची जागा फोटोने घेतली. काम झटपट होते आणि भाव घसरण्या-चढण्याच्या आत सौदा पदरात पडतो, म्हणून आम्हीही त्याला सरावलो.

त्या दिवशी सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून मी ओसरीवर बसलो होतो. दिवे लागले होते. अप्पांचा फोटो आला. डाळ अशी पिवळीधमक दिसली की, हळदीच्या मळ्यातून उचलून आणली असावी. मी तिथल्या तिथे दोनशे कट्टे सांगितले. तिसऱ्या दिवशी गाडी आली, कट्टा उसवला आणि माझ्या हातावर फिकट, पांढुरकी डाळ पडली. माल वाईट नव्हता. दाणा भरलेला, किडका नाही, कचरा नाही; पण रंग नव्हता, आणि तूरडाळीत गिऱ्हाईक प्रथम रंग पाहते. क्विंटलमागे तीनशे रुपये कमी घेऊन ती विकावी लागली. शंभर क्विंटलांस तीस हजार. नुकसान सोसण्यासारखे होते. न सोसण्यासारखे जे झाले ते माझ्या तोंडून झाले. मी फोन उचलून म्हटले, ‘अप्पा, माल बदलला.’

व्यापारात याहून वाईट शब्द नाही. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, ‘अण्णा, तो फोटो एकदा दिवसा पाहा.’ आणि फोन ठेवला. मी पाहिला नाही. रागात होतो. आठ दिवसांनी त्या सौद्याची सगळी दलाली त्यांनी आमच्या खात्यात परत भरली आणि आमच्या पेढीवर येणे बंद केले.

पुढे दिवाळीच्या सुटीत नात माझ्या जुन्या फोनशी खेळत होती. तिने एकाएकी विचारले, ‘आज्जा, तुझ्या फोनला पिवळा चष्मा कोणी घातला?’ तेव्हा उलगडा झाला. संध्याकाळनंतर डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडद्यातील निळा प्रकाश कमी करण्याची एक कळ असते. ती कोणीतरी चालू करून ठेवली होती. निळा कमी झाला की उरलेले सगळे पिवळट दिसते. शिवाय त्या फोनचे रंग मुळातच भडक करून ठेवलेले. अप्पांचा तोच फोटो तिने सकाळच्या उजेडात आपल्या आईच्या फोनवर उघडला. फिकट डाळ. जशी आली तशीच. त्या माणसाने खरा नमुना पाठविला होता आणि माझ्या हातातल्या काचेने त्याला हळद लावली होती.

हे कळल्यावरही मी अप्पांकडे गेलो नाही. खोटे कशाला लिहू? लाज वाटली. आज जाऊ, उद्या जाऊ, असे करीत सव्वा वर्षाहून अधिक काळ गेला. चिरंजीव तोंडाने काही बोलले नाहीत. नवा फोन माझ्या पुढ्यात ठेवून ‘तुम्ही हो म्हणा’ एवढेच म्हणाले.

म्हणून या पडद्याची परीक्षा मी आठही दिवस केली. पहिले दोन दिवस त्याची जात समजून घेण्यात गेले. चिरंजीवांनी आणि नातीने सांगितले, ते मला उमगले तसे लिहितो. जुन्या पडद्यांत मागे एक दिवा असे आणि पुढे झडपा. काळा रंग दाखवावयाचा तर झडप मिटायची, तरी फटींतून थोडा उजेड पाझरायचाच. या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा आहे. काळा दाखवावयाचा तर तो दिवा विझतो. म्हणून काळा येथे खरोखर काळा. विजेचा प्रवाह सोडताच स्वतः उजळणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर ही त्यामागील किमया. अमेरिकेतील कोडॅक कंपनीत काम करणारे चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोघांनी तिचे व्यवहार्य रूप १९८७ साली प्रसिद्ध केले. छायाचित्रांच्या फिल्मी विकणाऱ्या कंपनीच्या घरात हा शोध लागला आणि पुढे फिल्मीचा धंदा मात्र डिजिटल कॅमेऱ्यांनी बुडविला, हा दैवदुर्विलास व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. असो.

पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ६.९ इंच आहे. त्यावर उभे ३१२० आणि आडवे १४४० ठिपके, म्हणजे इंचामागे सुमारे ४९८. परंतु हाती आला तेव्हा तो त्याहून कमी ठिपक्यांवर लावलेला होता. पूर्ण शक्ती हवी असेल तर कळ फिरवावी लागते. मी दोन्ही प्रकारे देवनागरी मजकूर वाचून पाहिला. ठळक अक्षर दोन्हींत सारखेच. बारीक अक्षरात मात्र अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांचे सांधे पूर्ण ठिपक्यांवर अधिक उठून दिसतात. साध्या डोळ्यांना हा फरक क्वचितच जाणवेल. कृत्रिम भिंग बसविलेल्या माझ्या डोळ्यांना थोडा जाणवला. पडदा सेकंदात १२० वेळा नवा होतो, म्हणून मजकूर सरकविताना तो तेलावरून गेल्यासारखा जातो. छान वाटते, भाव पाहण्यास त्याचा काही उपयोग नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बारा वाजता मी तो घेऊन पेठेत, हमाल गाडी खाली करीत होते तेथे, उघड्या उन्हात उभा राहिलो. आमच्या पुतण्याचा, दुसऱ्या एका नामांकित कंपनीचा तितकाच महागडा फोन दुसऱ्या हातात होता. दोन्हींवर तोच फोटो लावला. पुतण्याच्या फोनवर मला प्रथम माझी टोपी दिसली, मग आभाळ, मग टपालकचेरीच्या बाजूची तार, आणि त्या सर्वांच्या मागे कोठेतरी डाळ. या फोनवर डाळ प्रथम दिसली. माझे तोंड दिसले, पण मातकट पाण्यात दिसावे तसे.

याचे श्रेय उजेडापेक्षा काचेस अधिक आहे. पडद्याचा जास्तीत जास्त उजेड २६०० निट म्हणून सांगतात. निट हे तेज मोजण्याचे माप. चौरस मीटरमागे एक कॅन्डेला म्हणजे एक निट. परंतु हा आकडा नमुन्याच्या मुठीतील सर्वांत टपोऱ्या दाण्यासारखा समजावा. तो साऱ्या पडद्यास सर्वकाळ लागू नाही. कडक उन्हात, आपोआप उजेड वाढविण्याची कळ चालू असताना, पडद्याच्या थोड्या भागावर, थोडा वेळ तेवढे तेज मिळते. फोन उन्हात तापला की अंग राखण्यासाठी स्वतःच मंद होतो. पंधरा मिनिटांनी माझा झालाच. आणि उन्हाशी दिव्याने झुंजायचे म्हटले तर कोणता दिवा पुरणार? भर दुपारी जमिनीवर पडणारा उजेड एक लक्ष लक्सच्या आसपास असतो. साधी काच आपल्या पृष्ठभागावरून त्यातील शेकडा चार भाग परत फेकते. तेवढ्यात पडद्यावरचा फिकट रंग बुडून जातो. हा परत फिरणारा उजेडच मारणे हा शहाणा उपाय. या फोनवरील काच ‘गोरिला आर्मर-२’ नावाची, अमेरिकेतील कॉर्निंग या १८५१ पासून काचेचा धंदा करणाऱ्या कंपनीची आहे. तिच्यावर इतके पातळ लेप दिलेले असतात की, लेपाच्या वरच्या आणि खालच्या अंगावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींस मारतात. चष्म्याच्या भिंगांवरही असाच लेप मिळतो. माझ्या चष्म्यावर आहे.

येथे एक व्यवहारातील सूचना करावीशी वाटते. फोन विकत घेताच त्यावर संरक्षणासाठी आणखी एक काच चिकटविण्याची आपल्याकडे रीत आहे. व्याह्यांच्या दुकानातील पोरानेही ती चिकटविण्यास हात पुढे केला होता. साधी काच वर चिकटविली की मूळ काचेचा हा गुण संपला. वरची काच पुन्हा शेकडा चार भाग परत फेकणारच. ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच झाकण्यात काय हशील? मात्र दाणेवाल्यांनी दुसरी खबरदारी घ्यावी. पोत्यांवर जी धूळ असते तिच्यात वाळूचे कण असतात आणि गारेचा कण काचेहून कठीण असतो. धोतराच्या सोग्याने किंवा उपरण्याने पडदा खसाखसा पुसणे म्हणजे त्यावर सहाण फिरविणे होय. फुंकर मारावी, मग मऊ फडके फिरवावे. काच पडली तर फुटत नाही, असे कंपनीचे दावे आहेत. नग व्याह्यांचा असल्यामुळे मी ते तपासले नाहीत. दाण्यांत पडला, तेव्हा काही झाले नाही, एवढे सांगू शकतो.

चौथ्या दिवशी खरी कसोटी. सकाळी दहाच्या सुमारास, उत्तरेकडच्या ओसरीत, थेट ऊन न येणाऱ्या जागी मी सहा पितळी ताटल्या मांडल्या. तूरडाळ, मसूरडाळ, हिरवे मूग, उडदाची पांढरी डाळ, हरभरा आणि मालदांडी ज्वारी. एकेकीचा फोटो घेऊन पडदा ताटलीच्या कडेला टेकवायचा आणि आलटून पालटून पाहायचे. नग हाती आला तेव्हा ‘व्हिविड’ नावाच्या रंगपद्धतीवर होता. तिच्यात मसूर डाळिंबाच्या दाण्यांशी स्पर्धा करू लागली, मूग नुकतेच शेंगेतून काढल्यासारखे झाले आणि उडदाच्या पांढऱ्या डाळीवर परटाने निळीचा हात मारावा तशी छटा आली. तूरडाळ पाहून माझ्या छातीत धस्स झाले. माघातली ती संध्याकाळ पुन्हा समोर उभी राहिली. नातीने मग ‘नॅचरल’ नावाची दुसरी पद्धत लावली. एका क्षणात सगळा साज उतरला. तूरडाळ ताटलीतल्या तूरडाळीच्या अगदी जवळ आली. उडीद पांढरा झाला, थोडा साईसारखा, जसा असतो तसा. मालदांडीच्या दाण्यावरचे ते मोत्याचे पाणी तेवढे कोणत्याही पद्धतीत उतरले नाही. ते दाणा हातात फिरवितानाच दिसते, त्याला पडदा काय करील? मूग खऱ्याहून किंचित गडद राहिले. तो दोष पडद्याचा नसून कॅमेरा आपल्या बुद्धीने रंग सुधारतो त्याचा, असे चिरंजीवांचे म्हणणे पडले आणि ते मला पटले.

भडक पद्धत मुळात ठेवतातच कशाला, असा प्रश्न मी केला. उत्तर असे मिळाले की, फोटोत सामान्यतः जेवढे रंग साठविलेले असतात त्याहून गडद रंग दाखविण्याची या पडद्यात ताकद आहे. ती ताकद दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली गिऱ्हाइकास दिसली पाहिजे. आपल्या बाजारातही डाळीच्या दुकानावर पिवळा दिवा टांगणारे काही बंधू आहेत. त्यांना हे सहज समजेल.

संध्याकाळच्या पिवळ्या चष्म्याची कळही या फोनमध्ये आहे. ‘आय कम्फर्ट शील्ड’ असे तिचे नाव. वाचनापुरती ती चांगली आहे. सौद्याचा फोटो पाहताना ती बंद हवी, आणि शक्यतो असा फोटो सकाळच्या उजेडातच पाहावा. रात्री अंधारात पडद्याचा उजेड अगदी कमी केला असता माझे कपाळ जड होई. असे पडदे मंद करताना डोळ्यास न कळेल अशा वेगाने उघडझाप करीत असतात आणि काहींना ती बाधते, असे वाचले. मी रात्री फोन पाहणेच सोडले. सौभाग्यवतींनी या शोधाबद्दल कंपनीचे आभार मानले.

सातव्या दिवशी मी चिरंजीवांस माझे मत सांगितले. पडदा उत्तम. काच त्याहून उत्तम. घडण नेटकी, आकार पेढीच्या माणसास मोठा, आणि किंमत अशी की नुसता डाळीचा रंग पाहण्यासाठी कोणी ती देऊ नये. साध्या किमतीचा फोनही रंगपद्धत नीट लावून दिवसाउजेडी पाहिला तर पुष्कळसे खरे सांगतो. पण पेढीचा अर्धा दिवस उन्हात आणि गाडीवर जातो, तेथे ही काच कामास येईल, म्हणून घ्यावयाचा असेल तर घ्यावा. एक अट घातली. पन्नास कट्ट्यांच्या वरचा सौदा फोटोवर होणार नाही. पुडी आलीच पाहिजे.

आठव्या दिवशी नग परत द्यावयाचा होता. त्या सकाळी मी अप्पांचा २०२३ चा फोटो त्यात घेतला, ‘नॅचरल’ पद्धत लावली आणि रिक्षा करून शहापुरास त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात वर्तमानपत्र वाचीत होते. मला पाहून उठले, खुर्ची पुढे केली, आत चहा सांगितला. नाराज माणसाच्या घरीही आलेल्याला चहा मिळतो. मी काही न बोलता फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, फोन जवळ नेला, लांब धरला, अंगणातल्या उन्हात तिरपा करून पाहिला. फोटोतली डाळ फिकट होती.

‘अप्पा, दिवसा पाहिला,’ मी म्हटले. ‘दोन वर्षे लागली.’

ते बराच वेळ फोटोकडेच पाहत राहिले. मग चौकटीच्या कडेवरून अंगठा फिरवीत, खालच्या कोपऱ्यात थांबून म्हणाले, ‘अण्णा, यात पेन पण आहे काय?’

मी पडदा मिटवून लेखणी उपसून दिली. काळ्या पडद्यावर, खतावणीत लिहितात तशा वळणदार अक्षरात, त्यांनी नव्या तुरीच्या डाळीचा त्या दिवसाचा भाव लिहिला आणि खाली ‘पुडी उद्याच्या गाडीने’ असे लिहून फोन माझ्याकडे दिला. चहा तोवर निवला होता. त्यांनी सूनबाईंस हाक मारून तो पुन्हा गरम करावयास सांगितले.